खटल्याच्या यादीत पीडिताचे नाव का नसते?

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधील जिल्हा व सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्याची तारीख असली की मृताचे नातेवाईक सकाळी लवकर येऊन त्या दिवसाच्या कामकाजाच्या यादीत आपले प्रकरण शोधू लागतात, आणि पहिल्या खेपेला ते बहुतेकांना सापडत नाही. ते मुलाच्या किंवा भावाच्या नावाने शोधत असतात. यादीत मात्र ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ एवढे लिहून पुढे आरोपीचे नाव दिलेले असते. ज्याचा जीव गेला त्याचा त्या ओळीत कुठेही उल्लेख नसतो. फौजदारी कायद्यात पीडिताची जागा नेमकी कोणती, हे समजून घ्यायचे तर या एका ओळीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

शेताच्या बांधाचे भांडण दिवाणी न्यायालयात गेले तर तो दोन माणसांमधला दावा असतो. तो लढवायचा की मिटवायचा हे तीच दोघे ठरवतात. खून, बलात्कार, दरोडा यांच्या बाबतीत कायदा वेगळी भूमिका घेतो. असा गुन्हा एका कुटुंबावर झालेला असला तरी तो साऱ्या समाजाविरुद्धचा मानला जातो, म्हणून तपास पोलिसांनी करायचा आणि खटला सरकारने चालवायचा. या रचनेमागे शहाणपण आहे. खटला कुटुंबाच्या हाती असता तर पैसेवाल्या आरोपीने तो विकत घेतला असता, गरिबाला वकील परवडला नसता आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या वैरांना न्यायालयाचे छप्पर मिळाले असते. मात्र या शहाणपणाची किंमत पीडिताने मोजली. सरकार पक्षकार झाले आणि पीडित उरला केवळ फिर्यादी किंवा साक्षीदार. समन्स आले की यायचे, जबानी द्यायची, उलटतपासणी सोसायची आणि घरी जायचे, एवढेच त्याचे काम राहिले. संविधानाच्या अनुच्छेद 20 आणि 22 मध्ये आरोपीच्या आणि अटक झालेल्याच्या हक्कांची स्पष्ट तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. पीडिताच्या हक्कांसाठी तसा स्वतंत्र अनुच्छेद नाही. ते हक्क कायद्यातील दुरुस्त्यांमधून, न्यायालयांच्या निकालांमधून आणि बऱ्याच वेळा रस्त्यावरच्या चळवळीतून तुकड्यातुकड्याने आले आहेत. त्या चळवळीत विदर्भाचा वाटा मोठा आहे.

26 मार्च 1972 रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण त्यातले पहिले. देसाईगंज, म्हणजे वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे; तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो निकाल फिरवून त्यांना दोषी ठरवले आणि भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्या निकालातले एक प्रमुख कारण होते. कायद्याच्या बाजूने हे प्रकरण तिथे संपले होते. परंतु सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, ते हातोहात पसरले आणि 1980 च्या महिला दिनी देशभरातल्या शहरांमध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. नागपुरातही सीमा साखरे यांच्या स्त्री अत्याचार विरोधी परिषदेसारख्या संघटना याच प्रश्नावर पुढे दीर्घकाळ काम करत राहिल्या.

या आंदोलनाचे फळ म्हणजे 1983 ची कायदादुरुस्ती, आणि तिच्यात नेमके काय होते हे पाहण्यासारखे आहे. बलात्काराला किमान शिक्षा ठरली, ती सर्वसाधारण प्रकरणात 7 वर्षे आणि पोलीस कोठडीतील किंवा तत्सम ताब्यातील अत्याचारासाठी 10 वर्षे. ताब्यातील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्यात आले. खटला बंद दालनात चालावा आणि पीडितेची ओळख प्रसिद्ध केल्यास शिक्षा व्हावी, हेही त्याच वेळी आले. शिक्षेची वर्षे ही या चार गोष्टींपैकी फक्त एक होती. उरलेल्या तिन्ही गोष्टी पीडितेला न्यायालयात उभे राहता यावे यासाठी होत्या. (त्या मुलीचे नाव आजही सर्रास त्या प्रकरणाचे नाव म्हणून वापरले जाते. जिच्या प्रकरणामुळे ओळख लपवण्याचा कायदा झाला तिचीच ओळख त्याने झाकली गेली नाही, म्हणून येथे ते नाव लिहिलेले नाही.)

दुसरे प्रकरण खैरलांजीचे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या या गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. सुरुवातीला या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. महिन्याभरानंतर नागपूर, अमरावती आणि इतर ठिकाणच्या दलित वस्त्यांमधून लोक रस्त्यावर आले, तेव्हा तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, परंतु अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण बोलताना ॲट्रॉसिटी कायदा म्हणतो, तो लागू होत नाही असे ठरवले. नागपूर खंडपीठाने जुलै 2010 मध्ये फाशी रद्द करून 25 वर्षांची कैद दिली आणि ॲट्रॉसिटीचा मुद्दा तसाच राहिला. जानेवारी 2017 मध्ये भैयालाल यांचे नागपुरात निधन झाले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती फाशी आणि 25 वर्षे यांतल्या फरकाची. हा गुन्हा जातीमुळे झाला, हे न्यायालयाने नोंदवावे, ही मागणी शिक्षेच्या आकड्यापेक्षा निराळी होती, आणि 2008 च्या निकालाविरुद्ध स्वतःच्या नावाने अपील करून ती वरच्या न्यायालयासमोर मांडण्याचा हक्क भैयालाल यांना कायद्याने दिलेलाच नव्हता. तो हक्क पीडितांना मिळाला 31 डिसेंबर 2009 पासून, म्हणजे त्या निकालानंतर सव्वा वर्षाने.

2009 च्या त्या दुरुस्तीने पहिल्यांदाच ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आली: गुन्ह्यामुळे ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा पोहोचली ती व्यक्ती, तसेच तिचे पालक किंवा कायदेशीर वारस. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही व्याख्या आहे. व्याख्येत पीडित माणूस चांगला असावा अशी अट नाही, आणि नागपूरकरांना याचे वेगळे उदाहरण द्यायला नको. 13 ऑगस्ट 2004 रोजी कस्तुरबा नगरमधील लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, वर्षानुवर्षे वस्तीवर दहशत बसवणाऱ्या एका गुंडाला याच जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत ठार केले. आपल्या तक्रारींची पोलिसांनी कधी दखलच घेतली नाही, असे वस्तीचे म्हणणे होते. दहा वर्षांनी त्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. कायद्याच्या हिशेबात मात्र त्या खटल्यापुरता पीडित होता तो मेलेला गुंड आणि त्याचे वारस. हे वाचून अनेकांना राग येईल. तक्रारदाराला सुरुवातीपासून दाद मिळत नाही तेव्हा लोक कायद्याच्या बाहेर जातात, आणि मग कायद्याला त्यांच्याच विरुद्ध उभे राहावे लागते. त्या दिवसाचे कौतुक करणाऱ्यांनी आणि निषेध करणाऱ्यांनीही वस्तीच्या जुन्या तक्रारींचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला.

आज कायदा काय देतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कॉटन मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या एका बाईच्या तरुण मुलाचा किरकोळ भांडणातून चाकू लागून मृत्यू झाला आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. आपल्या हद्दीत घडला नाही या कारणाने ठाणेदाराला तो नाकारता येत नाही. एफआयआरची प्रत तिला विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद करायला नकार मिळाला तर तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे करता येते. 90 दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तिला कळवायचे आहे, मग ते मोबाईलवरच्या संदेशाने कळवले तरी चालते. ही 90 दिवसांची तरतूद नवीन आहे आणि बऱ्याच जणांना ठाऊक नाही. कार्यकर्त्यांनी तिची लेखी आठवण करून दिली तर ठाण्यातली वागणूक बदलते.

आरोपपत्र दाखल झाल्यावर त्याच्या प्रतीचा प्रश्न येतो. पूर्वी प्रत आरोपीला मिळायची आणि पीडिताला नक्कल विभागात खेटे घालावे लागायचे. आता पीडिताच्या वतीने वकील उभा असेल तर आरोपीबरोबर त्यालाही प्रत द्यायची आहे. यातली मेख ‘वकील उभा असेल तर’ या शब्दांत आहे. भाजी विकणाऱ्या आईला वकील कुठला? त्याचे उत्तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, मुलाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो किंवा 15100 या क्रमांकावर विचारता येते. मोफत वकील फक्त आरोपीला मिळतो, हा समज वस्त्यावस्त्यांत इतका घट्ट आहे की तो मोडणे हेच कार्यकर्त्यांचे पहिले काम होऊन बसते.

हा वकील काय करू शकतो आणि काय नाही, याबाबत मात्र भ्रम नसावा. खटला सरकारी वकीलच चालवतात. पीडिताचा वकील त्यांना मदत करतो, प्रश्न सुचवतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो; स्वतंत्रपणे उलटतपासणी घेण्याचा किंवा सरकारी वकिलांना बाजूला सारून बोलण्याचा हक्क त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. त्यानंतर 2022 मध्ये लखीमपूर खिरीच्या प्रकरणात आरोपीचा जामीन रद्द करताना त्याच न्यायालयाने म्हटले, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र असे दिसते: पीडिताला न्यायालयात बोलता येते, पण खटल्याची सूत्रे त्याच्या हातात येत नाहीत. सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तर परवानगी देण्यापूर्वी न्यायालयाने पीडिताला ऐकलेच पाहिजे, हे आता संहितेतच लिहिलेले आहे. राजकीय दबावातून मागे घेतले जाणारे खटले पाहिलेल्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

आता निकालाचा दिवस. इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून हा भाग जरा सावकाश पाहावा लागेल.

पीडिताला तीन कारणांसाठी स्वतः अपील करता येते: आरोपी निर्दोष सुटला, तो मूळ आरोपापेक्षा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई कमी मिळाली. त्यासाठी उच्च न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. पण शिक्षा कमी दिली, हे चौथे कारण त्या यादीत नाही. ते अपील फक्त सरकार करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक वेळा सांगितले आहे.

आपल्या उदाहरणातल्या आईच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. पोलिसांनी खुनाचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 103 लावले आणि न्यायालयाने आरोपीला फक्त सदोष मनुष्यवधासाठी, म्हणजे कलम 105 खाली दोषी धरून 3 वर्षे दिली, तर तो कमी गंभीर गुन्हा झाला. हा खूनच होता, असे म्हणत आई थेट उच्च न्यायालयात अपील करू शकते. पण पोलिसांनी आरोपपत्रातच कलम 105 लावले असेल आणि त्याच कलमाखाली तीच 3 वर्षे झाली असतील, तर तिला अपील नाही. मृत्यू तोच, वर्षेही तेवढीच, आणि तरी एका वाटेवर दार उघडे तर दुसऱ्या वाटेवर बंद. म्हणूनच अनुभवी कार्यकर्ते निकालाच्या दिवशी मोर्चा काढण्यापेक्षा आरोपपत्र दाखल होण्याआधी कोणते कलम लागते आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात.

बंद दाराला एक खिडकी आहे. शिक्षा वाढवण्यासाठी उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो, साधारणपणे 90 दिवसांत, आणि आरोपीला ऐकून घेऊन न्यायालय शिक्षा वाढवू शकते. पण तो हक्क नाही, न्यायालयाच्या विवेकावर सोडलेली बाब आहे. दुसरा मार्ग म्हणजे सरकारने अपील करावे म्हणून पाठपुरावा करणे. इथे एक धोका असतो, जो भावनेच्या भरात कोणी सांगत नाही. सरकारने शिक्षा वाढवून मागितली की आरोपीला त्याच अपिलात स्वतःच्या सुटकेसाठी किंवा शिक्षा कमी करण्यासाठी युक्तिवाद करता येतो. कच्च्या पुराव्यावर उभा असलेला खटला पुन्हा उघडण्यापूर्वी वकिलाला हे स्पष्ट विचारलेले बरे.

शिक्षा ठरते कशी, हाही प्रश्न आहेच. खुनाला फाशी किंवा जन्मठेप या दोनच शिक्षा आहेत. बाकी बहुतेक गुन्ह्यांना कायदा फक्त कमाल मर्यादा सांगतो आणि मधला अख्खा पट्टा न्यायाधीशांवर सोपवतो. कोणत्या परिस्थितीत किती वर्षे द्यावीत, याची मार्गदर्शक चौकट भारतात आजही नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मळीमठ समितीने 2003 मध्ये ती तयार करावी अशी शिफारस केली होती आणि पीडिताला खटल्यात स्थान द्यावे असेही सुचवले होते. त्याच अहवालात आरोपीचे संरक्षण पातळ करणाऱ्या शिफारशीही होत्या, म्हणून मानवाधिकारवाल्यांनी त्याला विरोध केला, आणि त्या भांडणात शिक्षेच्या चौकटीचा मुद्दा मागे पडला. परिणामी एकसारख्या दोन गुन्ह्यांना दोन न्यायालयांत बऱ्याच वेगळ्या शिक्षा होऊ शकतात. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी घ्यावी, असे कायदा सांगतो. त्या सुनावणीत आरोपीचे वय, घरची स्थिती, सुधारण्याची शक्यता हे मांडले जाते आणि तसे ते मांडले गेलेच पाहिजे. फाशीच्या प्रकरणांत तर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची मानसिक तपासणी आणि तुरुंगातील वर्तन यांचे अहवाल मागवायला सांगितले. पण मुलगा गेल्याने आईच्या घरात काय उद्ध्वस्त झाले, हे मांडण्यासाठी त्या सुनावणीत तिची म्हणून ठरलेली जागा नाही. सरकारी वकिलांनी विचारले तर ते येते.

एका कायद्यात मात्र ती जागा आहे, आणि तो आहे ॲट्रॉसिटी कायदा. दलित आणि आदिवासी संघटनांनी अनेक वर्षे रेटल्यानंतर 2015 च्या दुरुस्तीने त्यात कलम 15अ आले आणि 26 जानेवारी 2016 पासून ते लागू झाले. जामीन, सुटका, पॅरोल, दोषसिद्धी, शिक्षा अशा प्रत्येक सुनावणीत पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना ऐकले जाण्याचा आणि शिक्षेबाबत लेखी म्हणणे देण्याचा हक्क त्यात आहे. सुनावणीची आगाऊ सूचना मिळणे हाही हक्क आहे, आणि ती न देता दिलेला जामीन टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठरवले. साक्षीला येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च देण्याची तरतूदही त्यात आहे. माझ्या मते देशातल्या पीडितहक्कांचा सर्वांत नीट लिहिलेला मजकूर हाच आहे. शिक्षेच्या सुधारणेची मागणी करणाऱ्यांनी नवे काही शोधण्याआधी हे कलम सर्व गंभीर गुन्ह्यांना लागू करा, एवढेच मागितले तरी बरेच साधेल. आणि खैरलांजीत ॲट्रॉसिटी लागू न होण्याने नेमके काय हातचे जाते, हे या कलमानंतर आणखी ठळकपणे दिसते: कायद्याचे नाव बदलले की पीडिताचा न्यायालयातला आवाजही बदलतो.

उलट, शिक्षा कडक करण्याच्या मागणीचे काय होते याचाही अनुभव आपल्याकडे ताजा आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले आणि आठवड्याभराने नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बंद पाळले गेले, मोर्चे निघाले, आणि आंध्र प्रदेशने केला तसा कडक कायदा करू, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केले. त्यातून आलेले शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. काही गुन्ह्यांना फाशी आणि 30 दिवसांत तपास, या त्यातल्या गाजलेल्या तरतुदी; पण महिला संघटनांनी आणि वकिलांनी त्याच विधेयकातल्या खोट्या तक्रारीला कठोर शिक्षा देणाऱ्या तरतुदीला विरोध केला, कारण आरोपी निर्दोष सुटला की तक्रारदार स्त्रीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहण्याची भीती होती. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही आणि विधेयकाचा कायदा झाला नाही. हिंगणघाटचा खटला मात्र अस्तित्वात असलेल्याच कायद्याखाली चालला आणि बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 रोजी, आरोपीला जन्मठेप झाली. विशेष सरकारी वकील आणि न्यायालयाचे सतत लक्ष या दोन गोष्टी तिथे मिळाल्या. त्या प्रत्येक खटल्याला मिळत नाहीत. देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी अजून निकाल न लागलेले कच्चे कैदी आहेत, हे लक्षात घेतले तर मुख्य अडचण शिक्षेच्या वर्षांत आहे की निकालापर्यंत पोहोचण्यात, हे वेगळे सांगायला नको.

पैशाबद्दल थोडक्यात. भरपाईचे दोन स्रोत आहेत: न्यायालय आरोपीकडून देववते ती, आणि सरकारच्या योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते ती. दुसरीसाठी आरोपी सापडलाच पाहिजे असे नाही. तो फरार असला तरी अर्ज करता येतो आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. अशा पीडितांवर प्रथमोपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाला, मग ते नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोसारखे सरकारी असो की खासगी, शिक्षा होऊ शकते. भरपाई घेतली तर खटला सैल पडतो, ही समजूत चुकीची आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे आणि ती दिली किंवा नाकारली त्याची कारणे नोंदवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. तेव्हा निकालपत्रात भरपाईबद्दल एक अक्षरही नसेल, तर तो अपिलाचा मुद्दा आहे.

शिक्षा सुनावली की लोकांच्या लेखी प्रकरण संपते, पण कुटुंबाच्या लेखी ते संपत नाही. जन्मठेप म्हणजे 14 वर्षे, हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. ज्या गुन्ह्यांना फाशीही होऊ शकली असती त्यांत सरकारला शिक्षामाफीचा विचार करायचा असेल, तर त्याआधी किमान 14 वर्षे प्रत्यक्ष भोगलेली असावीत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय यापुढे जाऊन 25 किंवा 30 वर्षे माफीच नाही, असा आदेश देऊ शकतात. त्याखेरीज कैद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, मिळतात. त्या असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा वर्षे घर न पाहिलेला माणूस बाहेर येऊन नीट जगेल अशी अपेक्षा करता येत नाही. अडचण वेगळीच आहे. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून कैदी रजेवर निघतो, त्याच मोहल्ल्यात परततो, आणि साक्ष दिलेल्या आईला हे कळते ते तो चौकातल्या पानठेल्यावर उभा दिसतो तेव्हा. ॲट्रॉसिटीचा खटला नसेल तर तिला आधी कळवण्याचे बंधन सर्वसाधारण कायद्यात कुणावर स्पष्टपणे टाकलेले नाही. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो, त्यात तिचे म्हणणे आले तर आले. आणि ‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्या मोघम वाक्यावर रजा नाकारणे न्यायालयांनी अनेकदा अमान्य केले आहे. म्हणून भीतीची कारणे ठोस लिहावी लागतात: कोण, केव्हा, काय म्हणाला. साक्षीदार संरक्षणासाठी 2018 च्या योजनेखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्जही करता येतो.

शिक्षामाफीला आव्हान देता येते, हे 2002 च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या खटल्यात दिसले. पीडितेने स्वतः याचिका केली आणि 11 दोषींची मुदतपूर्व सुटका सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला असल्याने तो निर्णय घेण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच. पण ते सुटकेनंतरचे आव्हान होते. सुटकेचा विचार चालू असतानाच पीडिताला विचारले जावे, ही मागणी अजून बाकी आहे.

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि अशा प्रकरणांतली कुटुंबेही त्यांत फोटो घेऊन चालतात. फलकांवर बहुधा ‘फाशी द्या’ असते. शिष्टमंडळाला मंत्र्यांसमोर मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांत जे निवेदन द्यायचे, त्यात रजेची आणि सुटकेची आगाऊ सूचना पीडिताला द्यावी, ही ओळ घालता येईल. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ मधली तीच शब्दरचना उचलली तरी चालेल. नवा मसुदा लिहायची गरज नाही. आणि अधिवेशनाची वाट न पाहताही आपल्या उदाहरणातल्या आईला कारागृह अधीक्षकांना आणि आपल्या ठाण्याला एक लेखी अर्ज आजच देता येतो, की अमुक गुन्हा क्रमांकातील कैद्याच्या रजेचा किंवा शिक्षामाफीचा प्रस्ताव आला तर निर्णयापूर्वी मला ऐकावे. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नये. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा ती पोचच मागतो.